हत्यारं मांडताना

२३ ऑगस्ट, शनिवार
काय दिवस! बसमध्येच लिहायला घेतलं होतं, पण आरेच्या रस्त्यावर पेन कागदावर टिकेना. घरी येऊन लिहितेय. अशोक विचारतोय, जेवण कधी. होईल हो जेवण. नवरा आहेस, पेशंट नाहीस.

गोरेगावला शिंदे सरांकडे ग्रीकचा अकरावा तास. बाकी दोघांची दांडी, मी एकटीच. सर एकोणऐंशीचे. जन्मभर चर्चचे पाळक होणाऱ्या पोरांना ग्रीक शिकवलं, आता ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, एका सिस्टरला शिकवतायत. त्यांची सहनशक्ती थोर.

आज पहिल्यांदा एक अख्खं वचन स्वतः वाचलं! पौलाचं रोमकरांना पत्र, सहावा अध्याय, तेरावं वचन. बाबा खेड्यापाड्यांत फिरून सुवार्ता सांगायचे, तेव्हा हे वचन हमखास यायचं. आपले अवयव पापाच्या हाती देऊ नका, देवाच्या हाती द्या, नीतीची साधनं म्हणून. साधनं म्हटल्यावर मला लहानपणी झाडू आणि सूप दिसायचं. आणि ग्रीकमध्ये काय आहे? होप्ला. सर म्हणाले, "शस्त्रं, बाई. सैनिक बाळगतो ती."

माझे हात, पाय, जीभ, सगळी शस्त्रं! काटाच आला अंगावर. सत्तावन्न वर्षं मी स्वतःला झाडू समजत होते.

जाताना सरांनी माझी ग्रीक अक्षरांची वही पाहिली. "साळवेबाई, तुमचा ओमेगा थरथरतो." म्हटलं, नवशिकी आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
चार केसेस. तिसरीला, हर्नियाच्या, स्क्रब झाले, म्हणजे हात धुऊन हत्यारं द्यायला टेबलाशी उभी. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, मी आर्टरी फोर्सेप, रक्तवाहिनी धरायचा चिमटा, उचलला आणि तो ट्रेच्या कडेला वाजला. टिणटिणटिण. उजवा हात. पुन्हा.

आतापर्यंत एसी, झोप, चहा, सगळ्यांवर ढकलून झालं. आजपासून नोंद ठेवायची, पेशंटची ठेवते तशी. उ.हा. म्हणून.

उ.हा. : बारीक थरथर, वस्तू उचलताना. टेकवला की थांबते.

केस संपल्यावर राणेमामा ट्रॉली न्यायला आले. आमच्या ओटीचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, अठ्ठावीस वर्षं इथेच. दारातूनच म्हणाले, "सिस्टर, ट्रे वाजता हा." म्हटलं, नवा ट्रे आहे, पातळ आहे. त्यांनी ट्रे उचलला, उलटा करून पाहिला आणि ट्रॉलीवर ठेवला. ट्रे आठ वर्षांचा आहे आणि तो त्यांनीच स्टोअरमधून आणलाय.

३१ ऑक्टोबरला माझी रिटायरमेंट. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक हत्यार खाली पडलेलं नाही. तेवढंच घेऊन घरी जायचंय. दोन महिने, बस्स.

३० ऑगस्ट, शनिवार
सरांशी भांडण! मस्त भांडण! त्यांच्या बायकोने मध्ये दोनदा चहा आणला, दोन्ही गार झाले.

मी आठवडाभर होप्ला शोधत बसले होते. नव्या करारात हा शब्द सहाच वेळा. दोनदा या वचनात. एकदा येशूला धरायला शिपाई येतात तिथे, दिवे, मशाली आणि होप्ला घेऊन. बाकी पौलाच्याच पत्रांत. त्यातलं एक तर काय सुरेख : नीतीची शस्त्रं, उजव्या आणि डाव्या हातातली.

सर म्हणाले, बघा, सगळीकडे लढाई. मी म्हटलं, सर, पण मराठीत 'साधनं' करणारे काय वेडे होते? तेव्हा ते हसले. म्हणाले, वेडे नव्हते. जुन्या ग्रीकमध्ये होप्लॉन, होप्लाचं एकवचन, म्हणजे कुठलंही कामाचं अवजार. लोहाराचे चिमटे, हातोडा. जहाजाचे दोरसुद्धा. शस्त्र हा अर्थ पुढे बळावला.

मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, सर, हे तर आपलं हत्यार! सुताराची हत्यारं, गवंड्याची हत्यारं, आणि गुंडाकडे सापडतं तेही हत्यारच. आम्ही ओटीत रोज हत्यारं मांडतो, त्यांनी माणसं वाचतात. पौलाला मारामारी नको असेल, काम हवं असेल.

सर : "तुम्हाला हवा तो अर्थ पौलाच्या तोंडी घालू नका."
मी : "तुम्हीपण."
मग सरांना हसू फुटलं.

उ.हा. : सकाळी बरा. संध्याकाळी बसचं तिकीट धरताना जास्त.

४ सप्टेंबर, गुरुवार
पाळकसाहेबांचा फोन. घाटकोपरच्या आमच्या चर्चमध्ये ५ ऑक्टोबरला बायकांचा रविवार. दरवर्षी बायका गाणी म्हणतात, पोहे करतात, आणि वचनावरचा संदेश पाळकसाहेबच देतात. यंदा म्हणाले, "साळवेबाई, संदेश तुम्ही द्या. वचन तुमच्या आवडीचं."

मी, पुलपिटवर, पाळकांच्या जागी! बाबांना कळलं असतं तर गावभर सांगत सुटले असते.

वचन काय घेणार हे विचारायचीसुद्धा गरज नाही. अशोकला सांगितलं. म्हणाला, "वीस मिनिटं बोलायचं, तू ओटीत बोलतेस तसं बोलू नकोस, लोक घाबरतील." चहा त्याने केला. मोठ्या मगमध्ये दिला, दोन्ही हातांनी धरून प्याले.

१० सप्टेंबर, बुधवार
संदेशाची पहिली चार पानं. झकास जमलीत! सुरुवात ओटीपासून. हत्यारं कशी धुतात, कशी वाफवतात, ट्रॉलीवर कशी क्रमाने लागतात, डॉक्टरने मागायच्या आधी काय हातात द्यायचं. मग : तुमचा हात हा देवाच्या ट्रॉलीवरचा आर्टरी फोर्सेप आहे. वाचताना स्वतःलाच भरून आलं, हे जरा अतीच.

उ.हा. : लिहिताना मनगट टेबलावर दाबून धरलं की चालतं.

मोठे डॉक्टर आज म्हणाले, "सिस्टर, तुम्ही गेल्यावर माझं काय होणार?" मला बरं वाटलं. मग दिवसभर त्याच वाक्यावर जगले.

१३ सप्टेंबर, शनिवार
सर जिंकले. निदान आज तरी.

त्यांनी अख्खा अध्याय उलगडून दाखवला. तेराव्याच्या आधी बारावं : पापाला तुमच्यावर राज्य करू देऊ नका. राज्य! म्हणजे राजा आला. राजाकडे सैन्य. आणि अध्यायाच्या शेवटी, पापाचं वेतन मरण आहे, ते सगळ्यांना पाठ. त्या वेतनाला पौलाने जो शब्द घातलाय तो शिपायाच्या भत्त्याचा आहे! राजा, शस्त्रं, शिपायाचा पगार. सगळं कसं रांगेत उभं राहिलं. मी पन्नास वर्षं ते वचन पाठ म्हणतेय आणि त्यात छावणी आहे हे दिसलंच नव्हतं.

सर म्हणाले, "सुताराची पेटी घरात पडून राहिली तर पडून राहते. लढाईत टाकलेलं शस्त्र पडून राहत नाही, बाई. तुम्ही नाही उचललं तर समोरचा उचलतो."

मी म्हटलं, म्हणजे माझा हात रिकामा नसतोच कधी?
"नसतो. कुणाच्या तरी बाजूने असतोच."

परतीच्या बसमध्ये हेच डोक्यात. माझी चार पानं फाडावी लागणार. फाडायला इतका आनंद कधी झाला नव्हता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
लिहू की नको. लिहिते.

दुसरी केस, आतड्याची. पोट बंद करायची वेळ. नीडल होल्डरमध्ये सुई बसवून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवताना हात थरथरला. सुई सुटली. कुठे गेली दिसलं नाही. मोठ्या डॉक्टरांना वाटलं त्यांच्याच हातून निसटली. "सॉरी सिस्टर," म्हणाले. ते मला सॉरी म्हणाले! आणि मी गप्प बसले.

काउंट केला. एक सुई कमी. पुन्हा केला. कमीच. पोट उघडं, सगळे थांबलेले. भूलवाले डॉक्टर घड्याळ बघतायत. एक्स-रेचं मशीन मागवायला सांगितलं. मी हिरव्या कपड्यावर बोटं फिरवत होते आणि मनात एकच : आत नको, आत नको, आत नको.

राणेमामा दांड्याचं लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले. किती वेळ गेला कळत नाही. मग खालून आवाज आला, "गावली."

पेशंट बरा आहे. बेचाळीस वर्षांचा, भांडुपला चष्म्याचं दुकान आहे. बायको बाहेर उभी होती. मी तिला म्हटलं, सगळं छान झालं. तिने माझा उजवा हात धरला, दोन्ही हातांत.

मामांनी मला काहीच विचारलं नाही. सुई डबीत टाकली आणि फरशी पुसायला घेतली. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उ.हा. :

२० सप्टेंबर, शनिवार
तासाला गेले. घरी बसले असते तर अशोकने विचारलं असतं.

सर आज त्या वचनातल्या क्रियापदावर होते. 'हाती देऊ नका' म्हणतो तिथे ग्रीकमध्ये आहे, एखाद्याच्या जवळ नेऊन उभं करणं, हाताशी मांडून ठेवणं. मी ऐकलं आणि पुन्हा तो वेडा आनंद! अहो, हेच तर माझं काम. चौतीस वर्षं मी हत्यारं डॉक्टरच्या हाताशी मांडतेय. पौलाने एका ओळीत स्क्रब नर्सच लिहून ठेवलीय.

दोन मिनिटं मी सुई विसरलेच. मग आठवली.

सर म्हणाले, "आज तुमचं लक्ष नाही." म्हटलं, आहे सर, जरा जास्तच आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. आज पांढरा. सगळं हॉस्पिटल पांढरं, रिसेप्शनपासून लॅबपर्यंत सेल्फी. आमचा ओटीचा हिरवा बारा महिने तेरा काळ. कांबळे सिस्टर म्हणाली, "आपली कसली नवरात्र गं, आपला एकच रंग." ती बौद्ध, मी ख्रिस्ती, पण उद्याची लाल साडी दोघींनी काढून ठेवलीय. जायच्या-यायच्या वेळेपुरती.

तीन केसेस. स्क्रब कांबळेला दिलं, मी बाहेरून सामान पुरवलं. पाठ दुखतेय म्हटलं. रोज पाठ किती दिवस दुखणार?

संदेशाची नवी पानं लिहायला बसले. 'आपला प्रत्येक अवयव आपण देवाच्या हाताशी' इथे पेन थांबलं.

उ.हा. : आहे तसाच.

२७ सप्टेंबर, शनिवार
सरांनी थेट विचारलं. "मग काय ठरलं? शस्त्रं की हत्यारं?"

मी म्हटलं, सर, ओटीत दोन्ही एकच असतं. त्याच चाकूने माणूस वाचतो, त्याच चाकूने मरतो. तो चांगला की वाईट हे चाकूला नाही विचारायचं, कुणाच्या हाताशी मांडलाय ते बघायचं. म्हणून पौल एकाच वचनात तोच शब्द दोनदा घालतो. अनीतीची होप्ला, नीतीची होप्ला. हत्यार तेच!

सरांनी ते वचन पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाले, "हे मी चाळीस वर्षांत असं सांगितलं नाही. लिहा."

उड्या माराव्याशा वाटल्या. या वयात जिन्यावर शोभत नाही, नाहीतर मारल्या असत्या.

बसमध्ये पवईपर्यंत हवेतच होते. मग शेजारच्या बाईने तिकिटासाठी पुढे द्यायला नाणं दिलं, माझ्या हातून ते पडलं, आणि मीच मगाशी बोललेलं मला ऐकू आलं. सुई पडली त्या शुक्रवारी माझा हात कुणाच्या हाताशी मांडला होता? पेशंटच्या? की 'चौतीस वर्षांत एकही पडलं नाही' या माझ्या मिजाशीच्या?

२९ सप्टेंबर, सोमवार
पाठ बरी झाली म्हणून सांगितलं. शेवटचा महिना, स्क्रब सोडवत नाही. छोटी केस होती, गळूची. नीट झाली. ट्रे नाही वाजला. बघ, म्हटलं, उगाच घाबरतेस.

मग हात धुताना लक्षात आलं की पूर्ण केसभर मामा दारात उभे होते. हातात लोहचुंबकाचा दांडा.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून ओटीची पूजा दरवर्षी आदल्या दिवशी, ऑपरेशनची लिस्ट संपल्यावर. अठ्ठावीस वर्षं राणेमामाच करतात. त्यांचे वडील गिरणीत होते, तिथे मागाची पूजा व्हायची, ती सवय मामांनी इथे आणली.

आमचंही ठरलेलं आहे. हत्यारं मी मांडून देते, कारण माझ्यासारखी दुसरं कुणी मांडत नाही हे मामांचं मत. मग मी स्क्रब रूमच्या दारात उभी राहते. हळदकुंकू, फुलं, आरती त्यांचं. पूजेचा सेट वेगळा, नंतर पुन्हा धुऊन वाफवायला जातो. आणि नैवेद्य दाखवायच्या आधी मामा दोन पेढे बाजूला काढतात. "हे देवाक दाखवक नाय. तुमचे." मी प्रसाद खात नाही हे मी त्यांना कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. त्यांना आठवतं.

हत्यारं मांडली. मोठ्यापासून लहान, टोकं एका दिशेला. उ.हा. थरथरत होता, ट्रे वाजत होता, दोघंही ऐकत होतो.

मग मामांनी कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. तो डबा मला माहीत आहे. कंडेम, म्हणजे बाद, झालेली हत्यारं स्टोअरला परत द्यायची असतात, मामा त्यातली काही ठेवून घेतात. मी इतकी वर्षं काणाडोळा केला. दरवर्षी खंडेनवमीला ती बाहेर येतात. बोथट कात्र्या, तोंड न मिळणारे चिमटे, एक नीडल होल्डर, माझ्या पहिल्या वर्षातला. त्यांनी एकेक पुसून माझ्या ट्रेच्या शेजारी वेगळ्या फडक्यावर लावलं. प्रत्येकावर झेंडूची एक पाकळी.

तो नीडल होल्डर हातात धरून म्हणाले, "ह्येना पंचवीस वर्सां काम केल्यान. आता धरना नाय."
त्यांनी तो पुन्हा एकदा पुसला.
"मगे टाकूचा काय? नाय. पुजूचा." पाकळी ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण ट्रेत घालूचा नाय, सिस्टर."

कांबळे आरतीचं ताट घेऊन आली. मी दारात जाऊन उभी राहिले. आरती सुरू झाली, मला काही दिसेना. पेढे हातात तसेच राहिले.

घरी येऊन खाल्ले. रडत रडत खाल्ले. गोड होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सकाळीच मेट्रनला पत्र लिहायला बसले. तीन कागद वाया. चौथ्यावर : उजव्या हाताला कंप आहे. जूनपासून. १९ तारखेची सुई डॉक्टरांच्या हातून नाही, माझ्या हातून पडली. आजपासून मला स्क्रबला लावू नये.

अक्षर असं आलंय की खाली सही नसती तरी त्यांना कळलं असतं कशाबद्दल आहे.

अशोकला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढला. म्हणाला, "डॉक्टरची वेळ मी घेऊन ठेवलीय. मंगळवारची. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."
"तुला कधी कळलं?"
"कपबशी बंद केली तेव्हा."

जूनपासून मी मगमधून चहा पितेय. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि मी ग्रीकमधले बारकावे शोधतेय!

त्याला दसऱ्याचं सोनं द्यायला शेजारचे जोशीकाका आले, तोपर्यंत आम्ही दोघं तसेच हात धरून बसलो होतो. काकांनी आपट्याची पानं हळूच टीपॉयवर ठेवली आणि गेले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दिलं पत्र.

मेट्रनने दोनदा वाचलं. "साळवे, चार आठवडे राहिले होते गं. पाठ दुखते म्हणत काढले असतेस. कशाला लिहून दिलंस?" त्या वाईट बाई नाहीत, प्रेमानेच म्हणाल्या. आता त्यांनाही हे वर कळवावं लागणार. सुईचं काय होईल, चौकशी बसेल की समज देतील, माहीत नाही. म्हणाल्या, सोमवारी बोलू, तोपर्यंत ऑटोक्लेव्हला बस.

मोठ्या डॉक्टरांना मीच सांगितलं. मास्क वर होता, चेहरा कळला नाही. हेच सगळ्यात अवघड गेलं.

ऑटोक्लेव्हजवळ बसले. वाफेच्या मशीनपाशी चौतीस वर्षांत कधी बसले नव्हते, नेहमी घाईत आत-बाहेर. हत्यारं गरम गरम बाहेर येतात, वाळतात, पॅक होतात. मामांनी स्टूल आणून दिलं. दोन तास शेजारी हत्यारं पॅक करत होते. मग, "आयतवारी तुमचा भाषण आसा मा?"
"संदेश. हो."
"मी येव काय?"
मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते. "माका कळात काय?"
म्हटलं, मामा, त्यातलं अर्धं तुमचंच आहे.
"मगे चपला भायर काढूच्यो लागतत काय, ता सांगा."

४ ऑक्टोबर, शनिवार
सरांना सगळं सांगितलं. हात, सुई, डबा, पत्र. ते डबा ऐकून सरळ बसले. पुन्हा सांगायला लावलं, पाकळीपासून. म्हणाले, "मी इतकी वर्षं शस्त्रं आणि अवजारं यातच अडकलो. झिजलेल्या शस्त्राचं काय, हे मला कुणी विचारलंच नाही."

पौलाने त्याबद्दल काही लिहिलंय का, विचारलं. त्यांनी पुस्तकं काढली. एक, दोन, पाच. बायको चहा घेऊन आली, तो गार झाला. शेवटी म्हणाले, "होप्ला या शब्दाखाली तरी नाही. तुम्ही उद्या काय म्हणणार?"

खरं सांगायचं तर माहीत नाही. संदेशाची पानं तयार आहेत, राजा आहे, छावणी आहे, एकाच हत्याराचे दोन मालक आहेत, सगळं फर्मास आहे. शेवटचं पान कोरं आहे.

वही पाहून सर म्हणाले, "तुमचा ओमेगा अजून थरथरतो." मग, "असू दे. वाचता येतो."

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी
चारदा साडी बदलली. शेवटी पांढरीच.

घाबरले नाही, परीक्षेच्या दिवशी सगळं पाठ असताना होतं तसं होतंय. अशोक म्हणतो, सावकाश बोल. पाळकसाहेबांचा मेसेज, पुलपिटचा माइक उंच आहे, खाली करून ठेवलाय. कांबळे येतेय. मोठ्या डॉक्टरांचा अजून काही निरोप नाही. उद्या मेट्रन. मंगळवारी डॉक्टर.

कागद हातात धरून आरशासमोर वाचून पाहिलं. कागद वाजतो. माइकवर अख्ख्या चर्चला ऐकू जाईल. लोकांना वाटेल, बाई घाबरली. वाटू दे? की आधीच सांगू? पानं सोडून नुसताच हात वर करून दाखवू? शेवटच्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही.

खालून हाक आली. गॅलरीतून पाहिलं, राणेमामा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत नवे सँडल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ओरडून विचारलं, मामा, पिशवीत काय? त्यांनी उत्तर दिलं नाही, पिशवी जराशी हलवून दाखवली. आत पत्रा वाजला.

बिस्किटांचा डबा. चर्चमध्ये! चर्चची वडीलमंडळी काय म्हणतील देव जाणे. थांबवू की आणू देऊ?

अशोक दारात उभा आहे, चल म्हणतोय. उ.हा. : थरथरतोय. तसाच नेते.